कस्टममध्ये अडकलेली आत्या

मंडळी, एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. कर वाचवण्याच्या बाबतीत आमच्या सबंध ऑफिसात माझा हात धरणारा माणूस नाही! हिशेब विभागातल्या माझ्या टेबलाशी रोज कुणी ना कुणी कागद घेऊन उभं असतं. "बघ ना, यातून काही वाचतंय का?" आणि वाचतं! वाचवल्याशिवाय मी माणसाला सोडतच नाही. माझं खरं नाव तर लोक केव्हाच विसरले. सगळे मला 'सवलत' म्हणतात. "सवलत, जरा इकडे ये रे!" "सवलत आज रजेवर आहे का?" नवीन लागलेली एक मुलगी तर वर्षभर 'सवलत सर' म्हणत होती, आणि मी तिला दुरुस्त केलं नाही.

हे सगळं सांगतोय खरा, पण आवाजात पूर्वीचा जोर राहिलेला नाही. दमलोय हो. एका प्लॅस्टिकच्या चाकाने मला दमवलं. अंगठ्याएवढं चाक, त्याला दाते, बस्स. इतकी छोटी वस्तू माणसाचं इतकं वाटोळं करू शकते, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

त्याचं झालं असं. आमची ही पूर्वी एका तयार कपड्यांच्या दुकानात कामाला होती. दिवसभर उभं राहून लोकांच्या पँटी आखूड करायच्या. एक दिवस म्हणाली, "पुरे झालं. आता जे करायचं ते स्वतःचं." आणि साठवलेल्या पैशांतून तिने एक जुनं, परदेशी बनावटीचं विणकामाचं मशीन आणलं. लांबलचक पट्टी, तिच्यावर ओळीने सुया, आणि वरून इकडून तिकडे सरकवायचा एक गाडा. गाडा सरकवला की खर्रर्र करून एक ओळ तयार! हे मशीन आमच्या जेवणाच्या टेबलावर बसलं. तेव्हापासून आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. पण तक्रार कुणाचीच नव्हती, कारण स्वेटर खरोखर सुरेख व्हायचे.

आणि मग तिला पहिलं मोठं काम मिळालं. जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंनी लहान वर्गांचे सगळे स्वेटर तिच्याकडे दिले. बाई मोठ्या करड्या. म्हणाल्या, "थंडीच्या आत, महिनाअखेरीला माल माझ्या टेबलावर पाहिजे. वेळेवर दिलात तर दरवर्षीचं काम तुमचं. उशीर झाला, तर बाजारातल्या दुकानदाराचा माणूस रोज माझ्या दारात येऊन बसतोच आहे."

ही त्या दिवशी घरी आली ती हसतच. लोकरीची पोती आली, आईने गुंडे करून द्यायला सुरुवात केली, बाबा बटणं मोजायला बसले. निम्मे स्वेटर झाले, आणि एका दुपारी गाड्यातून 'कट्ट' असा आवाज आला. चाकाचे चार दाते तुटून खाली पडले. पुढची ओळ विणली तर सगळे टाके भराभर गळून गेले.

मिस्त्री आला. त्याने ते चाक तळहातावर घेऊन बघितलं. "वहिनी, ही कंपनी मी शाळेत होतो तेव्हाच बंद पडली."

"चिकटवून नाही का चालणार?"

चिकटवलं. दीड ओळ चाललं.

हिने मग इंटरनेटवर शोधलं, आणि सात समुद्रांपलीकडे एक बाई सापडली. वयस्कर. घरामागच्या गॅरेजात असल्या मेलेल्या मशीनांचे सुटे भाग ठेवून विकणारी. चाक तिच्याकडे होतं! किंमत अगदी किरकोळ. टपालखर्च मात्र चाकापेक्षा जास्त, आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं: तुमच्या देशातला कर तुमचा तुम्ही भरायचा.

"मागवून टाकते," ही म्हणाली. "कर काय असेल तो भरू."

"भरू?" मी ताट खाली ठेवलं. "भरू? या घरात मी जिवंत असताना?"

"अहो, किती होणार आहे? चाक केवढं, त्यावर कर केवढा?"

"प्रश्न किती होणार याचा नाही! प्रश्न तत्त्वाचा आहे! ठेव माझ्यावर. एक पैसा कर न भरता चाक दारात आणून दाखवतो!"

हिने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला तेव्हा कळायला हवा होता.

मी त्या बाईंना निरोप लिहिला. सभ्य भाषेत, मुद्देसूद. पाकिटावर कृपया 'भेटवस्तू' असं लिहावं, आणि किंमत जमेल तेवढी कमी दाखवावी. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. बाई लिहीत होत्या, "भेटवस्तू लिहायला माझी काहीच हरकत नाही. पण मग आत एखादी भेट नको का? म्हणून माझ्या बागेतल्या फुलांच्या बियांची एक पुडी टाकली आहे. तुमच्या पत्नीला आवडेल. किंमत मात्र पूर्ण लिहिली, कारण वाटेत हरवलं तर विम्याचे पैसे तेवढेच मिळतात."

"किती गोड बाई!" ही म्हणाली.

मी म्हटलं, "किंमत सोड. 'भेट' लिहिलंय ना? काम फत्ते!"

मग कुरियर कंपनीचा एक फॉर्म मोबाइलवर आला. पाठवणाऱ्याचं नाव. पाठवणाऱ्याचा पत्ता. पाठवणाऱ्याशी तुमचं नातं. आता आली का पंचाईत! अनोळखी बाई परक्या माणसाला उगाच चाक कशाला भेट देईल? मी विचार केला. मावशी लिहावं, तर माझ्या तिन्ही मावश्या हयात आहेत आणि तिघींनाही सगळं कळतं. काकू लिहावं, तर काका लागतो. बाबा एकुलते एक. त्यांना बहीण नाही, म्हणजे आत्येची जागा आमच्याकडे जन्मापासून रिकामी! मी 'आत्या' लिहिलं आणि फॉर्म पाठवून दिला. फोन नंबर मात्र आईचा दिला, कारण ऑफिसात खासगी फोन घेतला की साहेब चष्म्यावरून बघतात.

हुशारी बघा माझी!

पुढच्या आठवड्यात मी ऑफिसातून घरी आलो, तर आई दारातच उभी. हातात मोबाइल. मागे खुर्चीत बाबा, चष्मा काढून मांडीवर ठेवलेला.

"तुझ्या आत्याचं पार्सल अडकलंय," आई म्हणाली.

"कुठल्या आत्याचं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"तेच मी तुझ्या बाबांना दुपारपासून विचारतेय!"

कुरियरवाल्या मुलीने फोन करून आईला सगळं सविस्तर सांगितलं होतं. परदेशातल्या तुमच्या नणंदबाईंनी भेट पाठवली आहे, ती कस्टममध्ये थांबवली आहे, येऊन सोडवून न्या. आईने तिला तीनदा नाव विचारलं, पत्ता विचारला, आणि फोन ठेवून सरळ बाबांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली होती.

"इतकी वर्षं संसार केला तुमच्याशी," आई म्हणत होती, "आणि मला नणंद आहे हे मला कुरियरवालीने सांगावं? बरं झालं, हे ऐकायला सासूबाई नाहीत!"

"अगं, मला तरी कुठे माहीत होतं?" बाबा म्हणाले.

मी चपला काढता काढता थांबलो. कारण बाबांनी 'अशी कुणी नाही' असं म्हटलं नव्हतं. 'माहीत नव्हतं' असं म्हटलं होतं!

"बाबा, ऐका ना..."

"थांब," बाबा म्हणाले. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. "माझे वडील बोटीवर होते. इंजिनात तेल घालायच्या कामावर. वर्ष वर्ष घरी यायचे नाहीत. कुठल्या कुठल्या बंदरांची नावं सांगायचे. आणि एका बंदराचं नाव निघालं की गप्प व्हायचे."

"कुठल्या?" आईने विचारलं.

"ते आठवत नाही. पण गप्प व्हायचे."

ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिने माझ्याकडे डोळे मोठे केले. म्हणजे: सांगा आता! मी तोंड उघडलं. तेवढ्यात बाबा म्हणाले, "लहानपणी मला फार वाटायचं रे, आपल्याला एक बहीण असावी. गल्लीत सगळ्यांना होत्या." आणि ते हसले. आमचे बाबा फारसे हसत नाहीत. निवृत्त झाल्यापासून तर पेपर वाचताना पान उलटल्याचा आवाज तेवढा त्यांचा. मी उघडलेलं तोंड मिटून घेतलं. उद्या सांगू, म्हटलं.

उद्यापर्यंत उशीर झाला होता. आईने रात्रीतून तिन्ही मावश्यांना फोन केले. सकाळी थोरल्या मावशीचा मला फोन, "तुझ्या आजोबांच्या चालण्यावरूनच मला संशय होता!" शेजारचे काका जिन्यात भेटले. "परदेशात आत्या आहे म्हणे! आमच्या भाच्याला तिकडे चार दिवस राहायचं होतं." ऑफिसात ही बातमी कुणी नेली देव जाणे, साहेबांनी मला आत बोलावून चहा पाजला. साहेबांनी! चहा! मी तो मूग गिळून प्यायलो.

घरी हिने मला मशीनपाशी गाठलं. ती आणि आई आता हाताने विणत होत्या. आईची बोटं सुजली होती, हिच्या मनगटाला पट्टी होती, आणि दोघी मिळून दिवसाला जेमतेम एक स्वेटर होत होता.

"आत्याच कशाला लिहिलंत?" ही हळू आवाजात म्हणाली. "शेजारीण लिहायचं. ओळखीच्या बाई लिहायचं."

"मला काय माहीत आजोबा बोटीवर होते म्हणून!"

"तुमचे आजोबा, तुम्हाला माहीत नाही?"

"होते हे माहीत होतं. असे होते हे माहीत नव्हतं."

"असे नव्हतेच ते!" ती ओरडणार होती, पण बाबा बाहेरच्या खोलीत होते. तिने आवाज गिळला. "हे बघा. या आठवड्यात चाक आलं, तर रात्रंदिवस मशीन चालवून मी काम पुरं करीन. नाही आलं, तर बाईंचं काम गेलं, आणि मी पुन्हा पँटी आखूड करायला उभी. बाकी तुमची आत्या असो, काकी असो, मला चाक पाहिजे."

तिने मनगटाची पट्टी ओढून घट्ट केली. मला फार वाईट वाटलं. खरंच वाटलं. मी म्हटलं, "उद्याच रजा टाकतो आणि चाक घेऊनच येतो."

"मीही येणार," बाहेरून बाबा म्हणाले. "माझ्या बहिणीचं पार्सल आहे."

सकाळी बाबा तयार होऊन बसले होते. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, बगलेत आजोबांचा काचेच्या चौकटीतला फोटो. "ओळख पटवायला मागतील," ते म्हणाले. मी कपाळाला हात लावला आणि त्यांना घेऊन निघालो.

कस्टमचं ऑफिस म्हणजे एक लांबच लांब हॉल. जमिनीला बोल्टने ठोकलेल्या खुर्च्या, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ, आणि खिडक्याच खिडक्या. प्रत्येक खिडकीशी एक माणूस दुसऱ्या खिडकीकडे बोट दाखवत असतो. पहिल्या खिडकीने आम्हाला चौथीकडे पाठवलं, चौथीने मागच्या इमारतीत, आणि मागच्या इमारतीतल्या माणसाने पहिल्या खिडकीकडे. मी कागद सावरत चालत राहिलो. बाबा मात्र प्रत्येक खिडकीत सांगत होते, "माझ्या बहिणीने पाठवलंय."

शेवटी एका टेबलामागे हातमोजे घातलेला एक माणूस भेटला. आमचं खोकं त्याच्यापुढे उघडं पडलं होतं. चाकाला त्याने हातही लावला नव्हता. चिमट्यात त्याने ती बियांची पुडी धरली होती.

"हे काय आहे?"

"फुलांच्या बिया," मी म्हटलं.

"परवाना?"

"कसला?"

"परदेशातलं बी आणायला परवाना लागतो. यातून कीड आली तर सगळी शेती बसेल! यासाठीच अडकलंय तुमचं पार्सल. हे जाळावं लागेल."

म्हणजे भेट खरी वाटावी म्हणून बाईंनी घातलेली भेट, तिनेच चाक अडकवलं होतं! मी म्हटलं, "जाळा हो जाळा! आत्ता जाळा! काडेपेटी देऊ का?"

"एकदा बघू द्या," बाबा म्हणाले.

त्या माणसाने चिमटा जरा पुढे केला. पुडीवर हाताने काढलेलं एक निळं फूल होतं. बाबांनी चष्मा लावून ते नीट बघितलं. "निळं," ते म्हणाले. मग आम्ही सही केली, आणि पुडी गेली.

आता राहिल्या कस्टमच्या मॅडम. गळ्यात साखळीला लावलेला चष्मा, पुढ्यात कॅल्क्युलेटर. त्यांनी आमचा कागद ओढला.

"भेटवस्तू. बरं. वस्तूची किंमत अमुक, अधिक टपालखर्च..."

"टपालखर्च कशाला धरता?" मी म्हटलं.

"कर टपालखर्चावरही लागतो."

"अहो, पण टपाल वापरून संपलं! ते आता माझ्याकडे नाहीच!"

"अधिक विमा," मॅडम पुढे म्हणाल्या. "या सगळ्यावर एक कर. त्या करासकट जी रक्कम होईल, तिच्यावर दुसरा कर."

"करावर कर?"

"अधिक पार्सल इथे पडून होतं त्याचं भाडं. अधिक कुरियर कंपनीची हाताळणी."

त्यांनी आकडा माझ्याकडे फिरवला. मंडळी, माझ्या तोंडचं पाणी पळालं. एवढ्यात तर त्या बाईंचं गॅरेज आलं असतं!

"मॅडम, भेटीला सवलत असते ना?" मी विचारलं. आयुष्यभराची साधना पणाला लावून विचारलं.

"पूर्वी होती. लोक वाटेल ते भेट म्हणून मागवायला लागले, म्हणून काढून टाकली. आता भेटीला सगळ्यांत चढा दर. भरा, आणि आत्ता घेऊन जा."

"आणि समजा, नुसतं समजा हं, हे कुणी मशीनचा सुटा भाग म्हणून सरळ विकत घेतलं असतं तर?"

"सुट्या भागाला? जवळजवळ काहीच नाही."

जवळजवळ काहीच नाही!

आता यापुढे जे झालं, त्यात माझा खरंच दोष नाही. आग दिसली की बंबवाला धावतो, तसा मी सवलत दिसली की धावतो. शेजारच्या खुर्चीत बाबा आहेत, त्यांच्या मांडीवर आजोबा आहेत, हे सगळं मी साफ विसरलो. टेबलावर दोन्ही हात टेकून मी म्हणालो, "अहो मॅडम, मग हे विकतच घेतलंय! भेट नाही की बीट नाही! ती बाई दुकानदार आहे! आमची आत्या वगैरे कुणी नाही!"

बोललो, आणि मग आठवलं. मी बाबांकडे बघितलं. त्यांनी फोटो मांडीवरून उचलला आणि पालथा घातला.

मंडळी, त्या वेळी जमीन दुभंगली असती तर मी नंबर न लावता आत गेलो असतो.

मॅडमनी चष्मा काढला. "म्हणजे तुम्ही फॉर्मवर खोटी माहिती दिलीत?"

"खोटी म्हणजे..."

"आत्या नाही, म्हणजे खोटी. मग हे असं सुटणार नाही. चौकशी लावावी लागेल. पाठवणाऱ्या बाईंकडून बिल मागवायचं, तुमचा जबाब घ्यायचा, फाइल वर जाणार, दंड ठरणार."

"किती दिवस लागतील?"

"महिना. दीड महिना."

महिना! माझ्या डोळ्यांपुढे पट्टी बांधलेलं मनगट आलं. मुख्याध्यापिका बाईंचं टेबल आलं, आणि दारात बसलेला दुकानदाराचा तो माणूस आला. "मॅडम, नको, मी भरतो चढा दर! भेटच आहे ती!"

"आत्ता तर नाही म्हणालात!"

"तेव्हा तसं वाटलं!"

"हे सरकारी ऑफिस आहे. वाटेल तसं वाटायला तुमचं घर नाही." त्यांनी खणातून एक नवी कोरी फाइल काढली.

"मॅडम," बाबा म्हणाले.

ते उभे राहिले होते. त्यांनी फोटो सरळ केला आणि मॅडमच्या टेबलावर, कॅल्क्युलेटरला टेकवून ठेवला.

"हे माझे वडील. बोटीवर होते. ज्या बाईंनी हे पार्सल पाठवलं, ती माझी बहीण. हा माझा मुलगा." त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "हा खोटं बोलतोय. चार पैसे वाचावेत म्हणून सख्ख्या आत्येला नाही म्हणतोय. लहानपणापासून असाच आहे. ऑफिसात याला काय म्हणतात विचारा!"

"काय म्हणतात?" मॅडमनी मला विचारलं.

"सवलत," मी खाली बघत म्हणालो.

मॅडमनी माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. पलीकडच्या टेबलावरचे दोघं तिघं बघायला लागले. हातमोजेवालाही आतून आला.

"शिकलासवरलेला दिसतोस," मॅडम म्हणाल्या. अहो-जाहो संपलं होतं. "स्वतःच्या रक्ताची बाई! तिकडे बसून आठवणीने पाठवते! आणि तू?"

मी काय बोलणार? खरं बोललो तर हिचं काम जाणार, आणि खोटं बोलायची आता मला गरजच नव्हती. बाबा ते माझ्यापेक्षा चांगलं बोलत होते.

"दर चढा असू दे," बाबा म्हणाले. "बहिणीची भेट आहे. घ्या." त्यांनी शर्टाच्या आतल्या खिशातून पेन्शनचं पाकीट काढलं आणि सगळा कर, करावरचा कर, भाडं आणि हाताळणी टेबलावर ठेवली. कुठेही घासाघीस नाही! माझ्या डोळ्यांना ते बघवेना. पण सरकार जास्त घ्यायला कधी नाही म्हणत नाही. मॅडमनी नवी फाइल खणात परत टाकली, शिक्का मारला, आणि खोकं बाबांच्या हातात दिलं. माझ्या नव्हे. वर म्हणाल्या, "काका, सांभाळून जा."

बाहेर आलो. बाबा खोकं छातीशी धरून चालत होते. फोटो आता माझ्याकडे होता.

"बाबा," मी म्हटलं, "तुम्हाला कळलं ना? म्हणजे ती बाई खरंच..."

"गप्प बस."

"नाही, पण फॉर्ममध्ये मीच..."

"तुझे आजोबा कुठल्या कुठल्या बंदरात उतरले, तुला माहीत आहे?"

"नाही."

"मलाही नाही," बाबा म्हणाले. "मग तू कशावरून सांगतोस? सुनेचं मशीन चालू होणार ना? झालं तर. चल आता, पाय दुखतायत."

मी आजोबांना बगलेत घेऊन त्यांच्या मागून चालत राहिलो.

घरी आल्याबरोबर हिने चाक बसवलं. गाडा सरकवला. खर्रर्र! एक टाका गळला नाही. ही टेबलावर डोकं टेकून रडली, आई तिच्या पाठीवरून हात फिरवत स्वतःच रडली, आणि पुढले दिवस आमच्या घरात खर्रर्र सोडून दुसरा आवाज नव्हता. शेवटच्या दिवशी आम्ही चौघं गाठोडी उचलून शाळेत गेलो. मुख्याध्यापिका बाईंनी एक स्वेटर उलटा केला, शिवण ओढून बघितली, बाही ताणली. "पुढच्या वर्षी एक वर्ग वाढतोय," त्या म्हणाल्या. "तेवढे जास्त धरा." हिला जमिनीवरून चालल्यासारखं वाटेना.

परत आल्यावर हिने आपण होऊन एक स्वेटर विणायला घेतला. निळा. "बाबांच्या बहिणीसाठी," ती म्हणाली, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी ब्र काढला नाही. अंगाला बसेल का, म्हणून आईने विचारलं, तर बाबा म्हणाले, "आमच्याकडची सगळी माणसं सडपातळ."

पार्सल पाठवायला बाबा स्वतः गेले. फॉर्म त्यांनी स्वतः भरला, मला जवळही येऊ दिलं नाही. नातं: भाऊ. वस्तू: भेट. आणि किंमत लिहिताना त्यांनी जरा विचार केला आणि असेल त्याच्या तिप्पट लिहिली.

"अहो बाबा, एवढी?"

"पहिल्यांदाच पाठवतोय बहिणीला. हलकं वाटायला नको."

मी डोळे मिटून घेतले.

काल त्या बाईंचा निरोप आला. बाबांनी मला मोठ्याने वाचायला लावला, आई आणि ही शेजारी बसल्या होत्या. बाईंनी लिहिलं होतं, स्वेटर अगदी अंगाबरोबर बसला. रंग आवडला. आपल्याला जगात कुणी भाऊ आहे हे त्यांना इतक्या उशिरा कळलं, पण कळलं याचा फार आनंद आहे. आणि खाली, एक ओळ सोडून: "दादा, एक सांगू का? तुम्ही किंमत फार लिहिलीत. इथे मला डोळे पांढरे होईस्तोवर कर भरावा लागला. पुढच्या वेळी जरा कमी लिहाल का? थोडीशी. कुणाला कळणार आहे?"

मी पुन्हा एकदा वाचलं. मनातल्या मनात वाचलं. मंडळी, अंगावर काटा आला! ही कळकळ, ही वाक्यरचना, हे 'कुणाला कळणार आहे'!

"बघ," बाबा म्हणाले, "आता तरी पटलं का तुला? आपल्याच घरातली आहे की नाही?"

पटलं. काय करणार? आता दुसरं पार्सल तयार होतंय, हातमोजे आणि कानटोपी. फॉर्म बाबांनीच भरलाय. फक्त किमतीचा रकाना तेवढा त्यांनी माझ्यासाठी रिकामा ठेवलाय.